‘मला आवडली’च्या पुढचं वाक्य

‘अमुक कवितेविषयी तुमचा वैयक्तिक प्रतिसाद लिहा’ असं काम वर्गात मिळालं की विद्यार्थी सहसा दोन वाटांपैकी एक धरतात. काही जण गाईडमधला परिच्छेद उचलतात आणि त्याच्या आधी ‘मला असे वाटते की’ जोडून देतात. काही जण कविता बाजूला ठेवून स्वतःच्या आयुष्याविषयी दोन पानं लिहितात. पहिल्या उत्तरात विद्यार्थी सापडत नाही, दुसऱ्यात कविता सापडत नाही. नागपूरच्या महाविद्यालयांत मराठी घेऊन शिकणाऱ्या आणि वर्धा, भंडारा, गोंदियाहून इथे येऊन खोली करून राहणाऱ्या मुलामुलींसाठी हा लेख आहे. तुम्ही आणि कविता, किंवा तुम्ही आणि नाटक, दोघांना एकाच पानावर आणायचं कसं, हे त्यात सांगायचं आहे.

ही सवय शाळेपासूनची आहे. दहावीच्या कुमारभारतीत रसग्रहण लिहायचं ते आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्ये या मथळ्यांखाली. पंधरा वर्षांच्या मुलाला कविता कुठे कुठे पाहायची हे सांगायला ही रीत वाईट नाही. पण मार्क मिळवायच्या घाईत त्या मथळ्यांखाली टाकायची वाक्यं पाठ होतात. कवीने साध्यासोप्या भाषेत आशय मांडला आहे, कविता मनाला भिडते, वाचकाला अंतर्मुख करते. कॉलेजात आल्यावरही हात तीच वाक्यं लिहीत राहतो. यावर एक उपाय आजच करून पाहा. तुमच्या उत्तरातलं एकेक वाक्य घ्या, त्यातलं कवितेचं आणि कवीचं नाव झाका, आणि तेच वाक्य अभ्यासक्रमातल्या दुसऱ्या कवितेला चिकटवून बघा. चिकटलं, तर ते खोडा. पहिल्यांदा अर्धं पान तरी खोडलं जाईल. जे उरेल तेवढंच तुमचं.

आता सुरुवात कुठून करायची? कविता वाचण्याआधी तिच्यावरचं काहीही वाचू नका. ना गाईड, ना सीनियरच्या नोट्सची झेरॉक्स, ना प्रस्तावना, ना मोबाईलवर क्षणात तयार होऊन येणारं उत्तर. हे सगळं नंतर वाचायचं आहेच, पण क्रम बदलला की पहिला ठसा कायमचा हातचा जातो. दुसऱ्याचं मत डोळ्यांसमोर आलं की आपल्याला आधी काय वाटलं होतं ते परत आठवत नाही.

एक दोनशे पानी वही घ्या. कविता मोठ्याने वाचा. खोलीत चार जण राहत असतील तर गच्चीवर जा, पण आवाज काढून वाचा. मग वहीच्या डाव्या पानावर फक्त कवितेतली जागा लिहा: कितवी ओळ, कोणता शब्द, कुठे ओळ मोडली. समोरच्या उजव्या पानावर, तिथे तुम्हाला काय झालं ते. थांबलो. हसू आलं. राग आला. आजीची आठवण आली. इथे काही कळलं नाही. इथे कंटाळा आला. वर तारीख घाला. उजव्या पानावर लिहिलेलं पण डाव्या पानावर ज्याची जागाच नाही, असं काही असेल तर त्याच्याशेजारी प्रश्नचिन्ह काढून ठेवा. ही दोन पानं समोरासमोर असणं हाच या सगळ्या कामाचा गाभा आहे. पुढचं जवळजवळ सगळं त्यातून निघतं.

या पहिल्या नोंदी प्रमाण मराठीत लिहायची काही गरज नाही. घरी झाडीबोली बोलत असाल तर झाडीबोलीत लिहा, वऱ्हाडी असेल तर वऱ्हाडीत, मित्रांशी हिंदीत बोलत असाल तर तशा मिश्र भाषेत लिहा. ‘काहून’ असा प्रश्न मनात उमटला असेल तर तो तसाच कागदावर येऊ द्या. नंतर पक्कं उत्तर लिहिताना प्रमाण भाषा वापरता येईल, पण पहिला प्रतिसादच परक्या भाषेत लिहायला बसलात की त्या भाषेतली आयती वाक्यंही सोबत येतात. ग्रामीण भागातून आलेल्या मुलांची वही कोरी राहते, त्याचं कारण बरेचदा एवढंच असतं. सांगण्यासारखं त्यांच्याकडे पुष्कळ असतं.

ग्रेस यांची कविता नेमलेली असेल तर ‘समजली नाही’ हा सर्वांत प्रामाणिक पहिला प्रतिसाद असू शकतो, आणि तो लिहायला लाजू नका. माणिक गोडघाटे, म्हणजे ग्रेस, याच शहरात १९३७ साली जन्मले, इथेच मराठीचे प्राध्यापक होते. त्यांचा ‘संध्याकाळच्या कविता’ हा संग्रह १९६७चा. त्यानंतरच्या काळात त्यांच्यावर दुर्बोधतेचा शिक्का इतका घट्ट बसला की विद्यार्थी कविता उघडायच्या आधीच हात टेकतात. पण ‘समजली नाही’ हे वाक्य अर्धं आहे. कुठे समजली नाही? प्रत्येक शब्द ओळखीचा असून त्यांचा एकमेकांशी संबंध लागत नाही, की शब्दच अनोळखी आहे? प्रतिमा डोळ्यांसमोर येते पण ती इथे का आली ते कळत नाही, असं आहे का? आणि अर्थ न लागताही एखादी ओळ पुन्हा म्हणावीशी वाटली का? ग्रेस वाचताना बहुतेकांना हे शेवटचं होतं. त्याची नोंद करा. कविता नादातून, लयीतून अर्थाच्या आधी पोहोचते, हे तुम्ही स्वतः अनुभवलेलं असेल तर तो तुमच्या उत्तराचा भक्कम पाया आहे.

त्यांची ‘ती गेली तेव्हा’ ही कविता बहुतेकांना हृदयनाथ मंगेशकरांच्या चालीतून आधी भेटते. चाल थोर आहेच, पण तुमच्या मनात जी कालवाकालव होते ती शब्दांची किती आणि सुरांची किती, हे तपासल्याशिवाय लिहू नका. चाल बाजूला ठेवून, सपाट आवाजात, हळू कविता म्हणा. मग ऐका. दोन्ही वेळच्या नोंदी वेगवेगळ्या करा. ही ‘ती’ कोण, प्रेयसी की आई, यावर वाचकांची मतं वेगवेगळी आहेत. तुम्हाला कोण वाटली ते लिहा, आणि कवितेतल्या कोणत्या शब्दामुळे तसं वाटलं तेही लिहा. कवीचं चरित्र शोधून त्यातून उत्तर काढायची घाई नको. चरित्र वाचल्यावर तुमचं मत बदललं, तर ‘आधी असं वाटलं, चरित्र कळल्यावर असं वाटू लागलं’ हेही सरळ लिहावं. मत बदलणं हा प्रतिसादाचाच भाग आहे.

पण आठवणींचं काय करायचं? कविता वाचताना घरचं माणूस आठवलं, गाव आठवलं, तर ते लिहायचं की नाही? हा प्रश्न फार जुना आहे. सुमारे हजार वर्षांपूर्वी काश्मीरमध्ये अभिनवगुप्तांनी भरताच्या नाट्यशास्त्रावर ‘अभिनवभारती’ ही टीका लिहिली. तीत रसास्वादाच्या आड येणारी सात विघ्नं सांगितली आहेत. त्यांपैकी एक म्हणजे प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखात गुरफटलेला असणं. समोर नाटक चाललं आहे आणि हा आपल्याच घरच्या चिंतेत बुडाला आहे. विसाव्या शतकात केंब्रिजला आय. ए. रिचर्ड्स यांनी विद्यार्थ्यांना कवींची नावं न सांगता कविता दिल्या, त्यांचे लेखी प्रतिसाद गोळा केले आणि १९२९ साली ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ हे पुस्तक लिहिलं. त्यांनाही वाचनातले जे अडथळे दिसले त्यांत कवितेशी संबंध नसलेल्या खासगी आठवणी होत्या, आणि ठरावीक साच्यातल्या आयत्या प्रतिक्रियाही होत्या. इतक्या अंतरावरच्या दोन जाणकारांनी एकाच जागी बोट ठेवलं आहे, म्हणून ते गांभीर्याने घ्यावं.

माझं म्हणणं असं की आठवण जरूर लिहा, पण तिला कामाला लावा. आठवणीमुळे कवितेतली एखादी गोष्ट जास्त स्पष्ट दिसली का? दिसली असेल तर आठवण दोन वाक्यांत सांगा आणि लगेच कवितेकडे परत या. दिसली नसेल तर ती वहीत राहू द्या, उत्तरात आणू नका. महेश एलकुंचवारांची ‘होळी’ ही एकांकिका वाचली की हे फार जाणवतं. ती कॉलेज आणि होस्टेलमधल्या मुलांविषयी आहे. वाचणारा विद्यार्थी स्वतः होस्टेलवर राहत असेल तर तो लगेच स्वतःच्या होस्टेलविषयी, मेसविषयी, प्राचार्यांविषयी लिहायला लागतो आणि एकांकिकेतली हिंसा कशी पायरीपायरीने वाढत जाते हे त्याच्या हातून निसटतं. अनुभव जितका जवळचा, तितकं हे निसटणं सोपं.

गझल नेमलेली असेल तर पद्धत थोडी बदला. सुरेश भट अमरावतीचे, पण पुढे नागपूरचे झाले आणि २००३ साली इथेच वारले. रेशीमबागेतल्या मोठ्या सभागृहाला त्यांचं नाव आहे. नव्याने लिहिणाऱ्यांसाठी त्यांनी ‘गझलेची बाराखडी’ लिहिली. ती छोटी पुस्तिका प्रतिसाद लिहिण्याआधी एकदा वाचावी, कारण ती अर्थ सांगत नाही, रचना सांगते. गझलेतला प्रत्येक शेर स्वतंत्र असतो. ‘या गझलेत कवीने अमुक विचार मांडला आहे’ असं सबंध गझलेविषयी लिहिलं की बहुधा चुकतं. तुम्हाला कोणत्या शेराने धरलं ते निवडा. पहिली ओळ वाचून दुसरीत काय येईल असं वाटलं होतं, आणि काफिया-रदीफपर्यंत, म्हणजे यमक आणि त्यामागून दर वेळी तोच येणाऱ्या शब्दापर्यंत, पोहोचताना प्रत्यक्षात काय आलं, या दोहोंतल्या अंतराविषयी लिहा. अर्धं उत्तर त्यातच होतं.

यशवंत मनोहरांचा ‘उत्थानगुंफा’ (१९७७) किंवा आंबेडकरी जाणिवेची दुसरी कोणतीही कविता समोर असेल, तर तुम्ही कुठे उभे राहून वाचता आहात हे उत्तरात यावंच लागतं. दीक्षाभूमीच्या शहरात तर ते टाळण्याला अर्थच नाही. ज्याच्या घरात तो अनुभव आहे त्याने ‘मला हे माहीत आहे’ एवढ्यावर थांबू नये. माहीत असलेली गोष्ट कवीने कोणत्या शब्दात पकडली, आणि त्या शब्दाने तुमच्या माहितीत काही भर पडली का, ते सांगावं. ज्याच्या घरात तो अनुभव नाही त्याने ‘वाचून वाईट वाटले’ एवढं लिहून सुटका करून घेऊ नये. कवितेतलं ‘आम्ही’ कोण आहे, ‘तुम्ही’ कोण आहे, आणि त्या ‘तुम्ही’त आपण येतो का, हे स्वतःला विचारावं. वाचताना अस्वस्थ वाटलं, कवीचं म्हणणं पटलं नाही, बचाव करावासा वाटला, तर तसं नोंदवावं आणि कोणत्या ओळीपाशी ते झालं तेही दाखवावं. वर्गात अशा उत्तरांवर बोलणं होतं तेव्हा शिक्षकांनी कोणालाही आपल्या जातीचं प्रतिनिधित्व करायला लावू नये, अशी विनंती मी इथे शिक्षकांनाही करते.

नाटकाकडे वळू. नाटकाच्या प्रतिसादात सर्वांत मोठी अडचण ही की विद्यार्थी नाटक कादंबरीसारखं वाचतात. संवाद वाचतात, कंसातल्या रंगसूचना गाळतात, शेवटी कथानक सांगतात. एलकुंचवारांचं ‘वाडा चिरेबंदी’ घेऊ, कारण ते आपल्या भागातलं आहे. विदर्भातल्या धरणगावच्या देशपांड्यांचा वाडा, घराचे कर्ते तात्याजी गेलेले, तेरवीच्या खर्चाचा घोर, वाड्यातच राहिलेले भास्कर आणि चंदू हे भाऊ, मुंबईहून आलेला त्यांचा भाऊ सुधीर आणि त्याची बायको अंजली. १९८५ साली विजया मेहतांनी ते रंगभूमीवर आणलं. पुढे ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ मिळून त्याची नाट्यत्रयी झाली आणि ‘युगान्त’ला २००२चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

या नाटकावर येणारं नेहमीचं उत्तर असं असतं: ‘या नाटकात एकत्र कुटुंबपद्धतीचा आणि सरंजामी मूल्यांचा ऱ्हास दाखवला आहे. मला हे नाटक खूप आवडले.’ यातलं पहिलं वाक्य चूक नाही, पण ते कोणाही वाचकाचं आहे. आता हे पाहा: ‘बंद पडलेला ट्रॅक्टर मला पहिल्या वाचनात जाणवलाच नाही. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की तो सारखा वाटेत येतो आणि कोणी तो हलवत नाही. आमच्या गावी असा एक मळणी यंत्राचा सांगाडा पडलेला आहे, म्हणून असेल, पण नंतर मला घरातली माणसंही तशीच दिसू लागली. चंदू दिवसभर राबतो, पण त्याच्याविषयी कोणी काही ठरवत नाही. मला भास्करचा राग यायला हवा होता. तो आला नाही. का आला नाही, ते मी शोधतो आहे.’ हा नमुना मी तयार केलेला आहे, पण यात काय आहे ते बघा. रंगमंचावरची एक वस्तू आहे, दोन वाचनांमधला फरक आहे, स्वतःच्या गावाची आठवण एका वाक्यात आहे आणि ती लगेच नाटकातल्या माणसांकडे नेते. शेवटी न सुटलेला प्रश्न आहे. तो सोडवायचं काम पुढच्या परिच्छेदाने करायचं.

नाटक वाचताना हाताशी कोरा कागद ठेवून वाड्याचा नकाशा काढा. ओसरी कुठे, आतलं दार कुठे, कोण कुठून येतं. मग एक प्रवेश निवडा आणि त्यात जी पात्रं हजर असून बोलत नाहीत त्यांची यादी करा. ‘वाडा चिरेबंदी’त हे केलं की या भावांची बहीण प्रभा दिसायला लागते, शिकायचं राहून गेलेली. वेळ विचारत राहणारी दादी ऐकू येते. वहिनी, म्हणजे भास्करची बायको, घरातले दागिने अंगावर घालते तो प्रसंग आधी मनात वाचा, मग मैत्रिणीसोबत उभं राहून वाचा. वाचलेल्या प्रसंगात लोभ दिसतो. उभं राहून वाचल्यावर त्यात आणखी काय दिसतं हे मी सांगत नाही, तुम्ही लिहा. भूमिका वाटून घेऊन वर्गात मोठ्याने वाचन करता आलं तर फारच उत्तम. वऱ्हाडी वळणाचे संवाद ज्याच्या तोंडी सहज बसतात त्याला ते वाचू द्या. एरवी वर्गात गप्प बसणारा मुलगा तिथे सर्वांना शिकवतो.

एलकुंचवार नाटककार कसे झाले ती हकिकत या कामासाठी फार उपयोगाची आहे. सिनेमाचं तिकीट मिळालं नाही म्हणून ते नागपुरात नाटकाला गेले. ते नाटक विजय तेंडुलकरांचं ‘मी जिंकलो! मी हरलो!’ होतं, दिग्दर्शन विजया मेहतांचं. ते इतके हलले की दुसऱ्या दिवशी तेच नाटक पुन्हा पाहिलं. आपण नाटक लिहायचं असं त्यांनी ठरवलं आणि पुढचं वर्षभर नाटकं वाचत राहिले. १९६७ साली त्यांची ‘सुलतान’ ही एकांकिका ‘सत्यकथे’त आली. यात हलणं आहे, दुसऱ्यांदा जाऊन पाहणं आहे, आणि मग अभ्यास आहे. विद्यार्थी बहुतेक वेळा पहिल्याच टप्प्यावर उत्तर लिहून मोकळे होतात. दुसऱ्या दिवशीचं पुन्हा पाहणं तेवढं उचला. नेमलेली कविता किंवा नाटकातला प्रवेश पहिल्या नोंदीनंतर किमान एक रात्र जाऊ देऊन पुन्हा वाचा, आणि नवी नोंद वेगळ्या शाईने करा.

झाडीपट्टीतून आलेल्या विद्यार्थ्यांना एक खास सांगायचं आहे. दिवाळीनंतर, धान कापणी आटोपल्यावर, गावोगाव रात्रभर चालणारी नाटकं तुम्ही लहानपणापासून पाहिली आहेत. वडशाच्या कंपन्या, मंडप, थंडीत पहाटेपर्यंत बसलेली माणसं. शहरातल्या अनेक मुलांनी आयुष्यात दोन-तीन नाटकं पाहिलेली असतात, तुम्ही त्याहून कितीतरी जास्त पाहिली आहेत. या रंगभूमीच्या कामासाठी परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. तरी अभ्यासक्रमातल्या नाटकावर लिहिताना तुम्ही हे सगळं लपवता, जणू ते नाटक नव्हेच. लपवू नका. प्रेक्षक कुठे हसतात, कुठे गलका थांबतो, गाणं कुठे येतं आणि गाण्याने प्रसंगाला काय होतं, हे तुम्हाला कोणी न शिकवता कळतं. ‘आमच्याकडच्या नाटकात इथे गाणं आलं असतं, या नाटककाराने इथे शांतता ठेवली आहे, आणि ती मला अशी जाणवली’ असं वाक्य तुम्हीच लिहू शकता.

शक्य असेल तेव्हा नाटक बघाच. हिवाळ्यात राज्य नाट्य स्पर्धेची नागपूर केंद्रावरची प्राथमिक फेरी होते, तिचं तिकीट खिशाला परवडणारं असतं. नाटक पाहून आल्यावर त्याच रात्री वहीत अर्धं पान लिहून झोपा. सकाळी मित्रांशी चर्चा झाली की तुमचं आणि त्यांचं मत एकमेकांत मिसळून जातं.

समीक्षा वाचायची ती आता. पहिल्या दोन नोंदी झाल्यावर ग्रंथालयातून त्या कवितेवरचा किंवा नाटकावरचा एखादा चांगला लेख काढा आणि आपल्या डाव्या-उजव्या पानांशी ताडून बघा. समीक्षकाने दाखवलेली जागा तुम्हाला दिसली नव्हती का? तुम्ही थांबला होता तिथून तो न थांबता पुढे गेला आहे का? त्याचं नाव घेऊन असहमती नोंदवायला घाबरू नका, कारण सांगा म्हणजे झालं. नागपुरात दहा वर्षं काढलेल्या गजानन माधव मुक्तिबोधांचं ‘एक साहित्यिक की डायरी’ हे हिंदी पुस्तक यासाठी वाचण्यासारखं आहे. मित्राशी वाद घालत, स्वतःच्याच म्हणण्यावर शंका काढत विचार कसा पुढे न्यायचा, याचा तो वस्तुपाठ आहे.

पक्कं उत्तर लिहिताना पहिल्या परिच्छेदात कवीचा जन्म, पुरस्कार, ग्रंथसंपदा घालू नका. ज्या जागेपाशी तुम्ही थांबलात तिथून सुरू करा. वहीतल्या दहा नोंदींपैकी दोनच निवडा आणि त्या खोलवर न्या. ‘खूप’, ‘अत्यंत’, ‘हृदयस्पर्शी’ हे शब्द लिहून झाल्यावर काढून टाका. ते काढल्याने वाक्य पडतं का बघा, पडलं तर त्याला आधार नव्हता. नावडलेल्या कवितेवरही उत्तम उत्तर लिहिता येतं, फक्त ‘रटाळ’ म्हणून थांबता येत नाही. लय कुठे ढिली पडली, कवीने कुठे सांगितलं जिथे दाखवायला हवं होतं, ते बोट ठेवून दाखवावं लागतं.

आणि तोंडी परीक्षेला ती वही सोबत न्या. ‘हे तुला का वाटलं?’ असं परीक्षकांनी विचारलं की डावं पान उघडायचं आणि ओळ वाचून दाखवायची. परीक्षकांना ती ओळ वेगळी लागली असेल तर त्यांचं म्हणणं ऐकून घ्या, पटलं तर तिथेच मान्य करा, नाही पटलं तर पुन्हा ओळ वाचा आणि आपली बाजू मांडा.